न मारलेली हाक

"मी मोठ्याने ओरडलो होतो. हिलाच ऐकू आलं नसेल," गोल्फ क्लबच्या चौकशी समितीला सरदेसाई म्हणाले.

समोर डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेली सगुणा उभी होती. क्लबच्या मैदानावरचं गवत ती बारा वर्षं कापत होती. चेंडू माणसांच्या दिशेने गेला की खेळणाऱ्याने ओरडून सावध करायचं, हा नियम तिला पाठ होता. हाक आली की ती डोकं झाकून खाली बसायची. त्या सकाळी हाक आलीच नाही आणि सरदेसाईंनी मारलेल्या चेंडूने तिचा डोळा नेला.

"खोटं बोलताय साहेब," ती म्हणाली. "माझे कान शाबूत आहेत."

"पुरावा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

तेव्हा सरदेसाईंबरोबर खेळणाऱ्या मेघनाताई उठल्या. "ते ओरडले नाहीत. चेंडू हिच्याकडे जाताना मी पाहिला, पण मीसुद्धा ओरडले नाही."

समितीने सरदेसाईंचं सदस्यत्व रद्द केलं. बाहेर आल्यावर मेघनाताईंनी सगुणाचा हात धरला. "मला माफ कर गं."

सगुणाने हात झटकला.

"तीन आठवडे सगळा क्लब मला बहिरी म्हणत होता. तेव्हा कुठे होतात, बाई?"