प्रोथेरोंना घरचं पत्र

प्रोथेरोंच्या त्या पत्राला वेंकटरमणरावांनी उत्तर दिलं नव्हतं.

वेल्समधल्या या मराठीच्या अभ्यासकाशी त्यांची तरुणपणापासून पत्रमैत्री. राव पुस्तकांतून इंग्रजी सत्तेवर तुटून पडत. प्रोथेरो ती पुस्तकं वाचून हुज्जत घालत आणि पुढचं कधी येणार ते विचारत. दोघंही पुस्तकी मराठीत लिहीत. शेवटच्या पत्रात मात्र प्रोथेरोंनी लिहिलं होतं :

‘स्वभाषेच्या अभिमानावर तुम्ही इतकं लिहिलंत. पण कुंभकोणमला तुमच्या घरात जी मराठी बोलतात, तिची एक ओळही मला पाठवली नाहीत. माझ्या आजीला वेल्श बोलली म्हणून शाळेत छड्या बसल्या. पुढे ती घरातही वेल्श बोलली नाही. तुम्हाला कुणी मारलं?’

मारलं कुणी नव्हतं. पुण्याच्या एका सभेत त्यांची तमिळ मुलखातली मराठी ऐकून लोक हसले होते, एवढंच. तेव्हापासून घरची भाषा त्यांनी कागदावर येऊ दिली नव्हती.

आज सकाळी प्रोथेरोंच्या मुलीचं कार्ड आलं. बाबा अंथरुणाला खिळलेत. कुंभकोणमहून काही आलं का, म्हणून रोज विचारतात.

राव तसेच लिहायला बसले. लिहिलं ते मोठ्याने वाचून पाहिलं, “आपले कृपापत्र यथाकाल हस्तगत झाले...”

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई उडदाचं पीठ दह्यात कालवत होत्या. “अय्यो! हें मित्राला पत्र, की कलेक्टराला अर्जी?”

“मग काय लिहूं? आपलें बोलणें वाचून हसतील ते.”

“हसूं देत की. बिछान्यावरचा माणूस, हसला तर बरेंच. पचडी करतें म्हणून लिहा.”

रावांनी कागद फाडला. नव्यावर लिहिलं, ‘प्रोथेरो, आज घरीं डांगरपचडी आहे. तुम्ही इथें असतां तर पानावर वाढली असती.’ हात क्षणभर थबकला. मग सुटला तो सुटलाच. मधेच तमिळ शब्द आले, तेही राहू दिले. कागद भरला, तेव्हा उलटून मागच्या बाजूला लिहिलं.

पोस्टात दोघंही गेली. काउंटरवरच्या मुलीने पाकिटावर शिक्का मारला आणि ते परदेशच्या थैलीत टाकलं.

“गेलें, राजेश्वरी!” राव खणखणीत आवाजात म्हणाले. “आमचें बोलणें विलायतेला गेलें!”

रांगेतल्या माना वळल्या. रस्त्यावर, दुकानात, देवळात ही दोघं जन्मभर तमिळच बोलत आली होती. राजेश्वरीबाई सवयीने तमिळमध्ये कुजबुजल्या, “हळू बोला, सगळे बघतात.”

राव मराठीतच म्हणाले, आणि आणखी मोठ्याने,

“चल, वाटेंत कागद घेऊं. पुष्कळ लिहायचें राहिलें आहे.”