न फुटलेलं मडकं

सहाव्यांदाही चारुताने चेंडू सोडला नाही. पाठ गादीवर आपटली, श्वास अडकला, चेंडू मात्र छातीशी घट्ट होता.

सरावली गावच्या हॉलमधल्या ज्युदोच्या वर्गात तीच एक चाळिशीची. बाकी सगळी शाळेतली पोरं. भाग्येश सरांचा धडा एवढाच होता: तोल गेला की हातातलं आधी सोडायचं, हनुवटी छातीला लावायची आणि मोकळ्या हाताने गादीवर थाप मारायची. पोरांना आठवड्यात जमलं. चारुता तिसऱ्या महिन्यातही चेंडू कवटाळूनच पडत होती.

"ताई, एवढं काय आहे त्या चेंडूत?" सरांनी विचारलं.

चारुता चेंडू घेऊन पुन्हा गादीच्या कडेला उभी राहिली. तिचे वडील, धर्माजी, चिंचणीला ताडी काढायचे. गेल्या माघात झाडावरून उतरताना, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असताना त्यांचा पाय घसरला. खोडाला मिठी मारता आली असती. त्यांनी भरलेलं मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. डोकं दगडावर आपटलं, ते तिथेच गेले. मडक्याला साधा तडाही गेला नव्हता. ते अजून ओटीवरच्या कोनाड्यात होतं.

आई, जयवंती, सत्तरीला आली तरी वाडीतून चिकूची पाटी डोक्यावरून आणायची. चारुता ओरडायची, जयवंती ऐकायची नाही. मग चारुताने ओरडणं सोडलं. रोज संध्याकाळी ती ओटीवर गादी घालायची, उशी हातात घ्यायची आणि आईसमोर पडून दाखवायची. आई तांदूळ निवडता निवडता हसायची. लोक पोरांना चालायला शिकवतात, हिला पडायला मास्तर लागतो, म्हणायची. कधी नुसतंच, उशी सोड गं, ती काय फुटते का.

त्या रविवारी वर्ग संपवून चारुता स्कूटरवरून घरी आली आणि फाटकातच थांबली. पायरीपासून विहिरीपर्यंत चिकूच चिकू पसरले होते. काही चेंदले होते. पाटी पालथी पडली होती. स्कूटर तिथेच टाकून ती आत धावली.

जयवंती विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. लुगड्याला पाठभर माती, उजवा तळवा खरचटलेला.

"शेवाळावरून पाय गेला," ती म्हणाली. "थाप जरा जोरात बसली. हात चुरचुरतो."

चारुताने तिचं डोकं चाचपलं, मनगट वळवून पाहिलं, कमरेचं हाड दाबून दुखतंय का विचारलं. मग तिथेच मातीत मटकन बसली. आईने तिला पुरतं चाचपू दिलं होतं. आता ती अंगणभर सांडलेल्या चिकूंकडे बघत होती, काहीशी ओशाळून, काहीशी ऐटीत.

"सगळे सोडले," ती म्हणाली. "एक बी धरला नाय."