मागच्या सीटवरची स्टेपनी

नव्या वेगवान गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त पंक्चर बुजवायचं किट असतं. गेल्या वर्षी ते किट फसलं आणि माझ्या वडिलांना, आण्णांना, वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही; ते वाटेतच गेले. तेव्हापासून मी मागच्या सीटवर कोरी स्टेपनी पट्ट्यानं बांधून फिरते.

आज सकाळी कळंब्याहून कागलला पोहोचल्यावर टायर तपासले. चालणारा टायर तापतो, हे साधं भौतिकशास्त्र. चारही टायर गार होते. मागच्या सीटवरची स्टेपनी मात्र हाताला भाजत होती.

"ताई, फेक की ती!" सोबत आलेला धाकटा भाऊ सम्राट ओरडला. "तुला भ्या वाटत न्हाय व्हय?"

"वाटतंय. पण न्हाय फेकणार."

मी तळहात पुन्हा तिच्यावर टेकवला. इंजिन बंद होतं. ती हाताखाली सावकाश फिरू लागली.

मी हात काढला नाही.