बाजूने की विरोधात

मृदुला अपघातात गेल्याचं कळलं, त्याच दिवशी तिचा आमदार दळवींवरचा माहितीपट तपासणीला दाखल झाला. ती माहेरचं नाव लावायची, त्यामुळे तो नेमका तिच्या नवऱ्याच्या, तपासनीस भार्गवच्या टेबलावर आला.

कल-मापक यंत्र कॅमेरा धरणाऱ्या हाताची थरथर वाचून पक्षपात मोजायचं. पडद्यावर दळवी आले की काटा टोकाला जायचा.

"माझे फोटो काढताना हिचा हात कधी थरथरला नाही," भार्गव धुमसत म्हणाला.

"अहो, संतापानेही हात थरथरतो," शेजारच्या टेबलावरच्या कुलसुमबाई म्हणाल्या. "यंत्राला प्रेम काय नि राग काय, सारखंच! बाजूने की विरोधात, ते निवेदन ऐकून आपणच ठरवायचं ना? मग आवाज का बंद ठेवलाय?"

निवेदन मृदुलाच्याच आवाजात होतं. भार्गवने ते अजून ऐकलेलं नाही.