टायसनचं रिपीटर वर्ष

चेंडू कंपाउंडच्या भिंतीवर आपटला, घरंगळत पेरूच्या झाडाखाली गेला आणि थांबला. टायसनने तो सगळा प्रवास मन लावून पाहिला आणि जांभई दिली.

"टायसन, आण!" शेषेराव ओरडले.

टायसनने मान पुढच्या पायांवर टेकवली. मग शेषेराव स्वतःच गेले, कंबर धरून वाकले आणि चेंडू घेऊन आले. सकाळपासूनची ही चाळिसावी खेप. क्लासचे प्रवेश आज संध्याकाळी पाचला बंद होणार होते, आणि आता सव्वाचार वाजले होते.

चेंडूचा आणि क्लासचा संबंध शेषेरावांनीच जोडला होता. महिन्यापूर्वी त्यांची मुलगी सृष्टी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत दुसऱ्यांदा आपटली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवली आणि म्हणाली, "पप्पा, आता बास. मी ॲग्रीला जाते. रेणापूरच्या आपल्या रानात मन लागतंय माझं."

शेषेरावांचा घास हातातच राहिला. ज्या रानातून बाहेर पडायला तीन पिढ्या लागल्या, तिथं ही पोरगी पदवी घेऊन परत निघाली होती. शिवाय 'डॉ. सृष्टी' अशी पितळी पाटी त्यांनी ती अकरावीत असतानाच करून घेतली होती, आणि पाटीवाला आता ती परत घेत नव्हता.

"अगं, नेटानं शिकवलं तर कुत्रंबी शिकतंय," ते म्हणाले.

"मग शिकवून दाखवा." सृष्टीने ओट्यावर पसरलेल्या टायसनकडे बोट केलं.

शेजारचे विरूपाक्ष तेव्हा नेमके भिंतीवरून डोकावत होते. त्यांच्यादेखत माघार घेणं शेषेरावांच्या रक्तात नव्हतं. पैज लागली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवसापर्यंत टायसनने चेंडू आणला, तर सृष्टी क्लासच्या रिपीटर बॅचला बसून तिसऱ्यांदा नीट देणार. नाही आणला, तर तिने खुशाल ॲग्रीला जावं.

टायसन कंधारहून मेव्हण्याकडून आलेला लॅब्राडोर. तिथे म्हणे तो दिवसभर न थकता चेंडू आणायचा. लातूरला आला, दूध-भाकरीला लागला आणि सगळं विसरला. म्हणजे पोरगं हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही, असं निदान शेषेरावांनी केलं. एकदा हे निदान झालं की ह्या शहरात पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहाटे साडेचारला उठवणं आलं. भिंतीवर वेळापत्रक आलं. दर रविवारी टेस्ट आली. मागच्या गल्लीतल्या वकिलांचं कुत्रं तोंडात धरून पेपर आणून देतं, त्याचा मोबाइलवरचा फोटो रोज टायसनच्या नाकासमोर येऊ लागला. "बघ. त्याला काय चार कान हायेत?" टायसनने तो फोटो एकदा चाटला. महिन्याभरातली प्रगती एवढीच.

"साहेब, कुत्र्याचं शेपूट नळीत घालून राहिलात तुमी," विरूपाक्ष म्हणायचे. "वाकडं ते वाकडंच."

"नळी लातूरची हाय," शेषेराव सांगायचे.

आता साडेचार झाले. सृष्टी पायरीवर बसून नखं खात होती. दोन वर्षांत ती निम्मी झाली होती. पोरीचं वाईट व्हावं असं शेषेरावांना कधीच वाटलं नव्हतं. तिचं भलं कशात आहे हे तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, एवढीच त्यांची समजूत होती.

तेवढ्यात भिंतीवरून विरूपाक्षांचा आवाज आला, "साहेब, चुकतंय तुमचं. तुमी हातानं आणून राहिलात. त्यानं तोंडानं आणायचंय न्हवं? मग तसं करून दाखवा की!"

शेषेरावांना ते पटलं. महिनाभर आपला शिकवण्याचाच दोष होता, हे लक्षात येऊन त्यांना बरंसुद्धा वाटलं. त्यांनी लुंगी खोचली, चष्मा काढून ठेवला आणि गुडघे टेकले.

पहिल्या खेपेला चेंडू दातांतून दोनदा निसटला आणि तोंडात माती गेली. दुसऱ्या खेपेला जमला. तिसऱ्यांदा चेंडू विरूपाक्षांनीच फेकला. तो जमिनीवर टेकायच्या आत शेषेराव हातापायांवर निघाले होते. पेरूखालून त्यांनी चेंडू दातात धरला, वळले, तसेच दुडक्या चालीने परत आले, टायसनच्या पुढ्यात तो ठेवला आणि मान वर करून धापा टाकत पाहू लागले. भिंतीवर आता विरूपाक्षांच्या घरातली चार डोकी होती. ती सगळी टाळ्या वाजवत होती. शेषेरावांचे डोळे आनंदाने चमकत होते. टायसन उठला, त्याने चेंडू हुंगला आणि सावलीला जाऊन झोपला.

घरातून शेषेरावांची बायको शीला बाहेर आली. चोवीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला चारचौघांत एक शब्दही बोलली नव्हती. तिच्या हातात क्लासचा कोरा फॉर्म आणि पेन होतं. दोन्ही तिने खाली, नवऱ्याच्या हाताशी ठेवलं.

"पोरीला जाऊ द्या तिच्या वाटंनं," ती म्हणाली. "आन् त्या नीटला आता वयाची अट न्हाई म्हणं. ह्याच्यावर तुमचंच नाव लिवा."