उजवा हात

थोरल्याचा बुक्का धाकट्याच्या नाकावर बसला आणि भळाभळा रक्त आलं, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाई म्हाताऱ्या मालकांचा उजवा हात कोपरातून दुमडत होत्या. पाच महिने त्या रोज सकाळी यायच्या. अर्धांगवायूच्या झटक्यानं गेलेला हात लाकडासारखा पडून होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उद्यापासून येऊ नका, असं मालकीणबाईंनी आज दारातच सांगितलं होतं.

भांडण कारखान्यातल्या खुर्चीचं होतं. बाबांच्या जागी कोण बसणार, यावरून दोघा भावांची रोजच जुंपायची; आज ते बाबांच्या उशाशीच भिडले. धाकट्यानं थोरल्याच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. भांडण सोडवायला आलेल्या बहिणीनं औषधांचा ट्रे उचलून दोघांनाही बडवून काढलं. बाटल्या फुटल्या. मालकीणबाई चहाचा कप सांभाळत एवढंच म्हणाल्या की, जरा गालिच्यावरून सरका, रक्ताचे डाग निघत नाहीत.

बाईंना हसावं की पळावं, कळेना. त्या मान खाली घालून हात दुमडत राहिल्या. शेवटचा दिवस तरी नीट करावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग थोरल्यानं धाकट्याला पलंगावर, बाबांच्या अंगालगतच आडवं पाडलं आणि त्याचा गळा आवळला. धाकट्याचे डोळे पांढरे झाले. झाडणारे पाय हळूहळू थांबले. मालकीणबाईंच्या हातून कप निसटला. बहिणीनं दोन्ही मुठींत थोरल्याचे केस धरून ओढलं. बाईंनीही मालकांचा हात सोडला आणि त्या थोरल्याच्या मनगटाला लोंबकळल्या. पकड काही सुटेना.

फाडकन आवाज झाला. थोरल्याचं तोंड एका बाजूला फिरलं, गळ्यावरची बोटं सुटली. त्यानं चवताळून बहिणीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात अजून त्याच्या केसांतच होते.

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. मालकांचा उजवा हात हवेत थरथरत होता.

थोरला गाल धरून मटकन खाली बसला. "उजव्यानं मारलं," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.

धाकटा खोकत खोकत उठला. बाहीनं नाक पुसून तो पलंगाला वळसा घालून गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गाल पुढे केला.

"बाबा, आता मला एक."