आठ वर्षांचा पट्टा

“बॅटरी वर धर. माझ्या डोळ्यांत नको, इंजिनात,” मिनाएचे बाबा, शिगेओ, म्हणाले.

तिने बॅटरी वर धरली. होक्काइदो बेटावरच्या एनगारूत एप्रिल संपत आला तरी गॅरेजमध्ये बोटं बधिर होतात. पण तिचं थंडीकडे लक्ष नव्हतं. तिला बापाच्या जिवाची भीती वाटत होती.

काल शेजारच्या ओकुयामा काकूंचा फोन आला होता. “तुझे बाबा घर आवरतायत गं. मासेमारीचे गळ वाटून टाकले. बर्फ ढकलायचं यंत्रसुद्धा आमच्या दारात आणून ठेवलं. मला काही हे लक्षण बरं दिसत नाही.” काकूंनी पुढे काही सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच गल्लीतल्या म्हाताऱ्या हामानाकांनी असंच घर लख्ख केलं होतं. एका सकाळी ते नदीकडे गेले आणि परत आलेच नाहीत. आपल्यामागे कुणाला त्रास नको, हे इथल्या माणसांच्या हाडीमाशी इतकं खिळलेलं आहे की मरायच्या आधीही ती केर काढून घेतात.

मिनाएची आई शरद ऋतूत गेली होती. तेव्हापासून बाबा फोनवर “जेवलो” आणि “ठीक आहे” यापलीकडे बोलत नव्हते.

आज सापोरोहून पहिली आगगाडी पकडून ती आली. घर आरशासारखं स्वच्छ होतं. कपाटं रिकामी होती. हाका मारत ती गॅरेजकडे धावली, तर बाबा मोटरसायकलीपुढे फतकल मारून बसलेले. हात कोपरापर्यंत काळे. रेडिएटर खाली काढलेला, इंजिनाची पुढची झाकणं उघडी. मागे सीटवर जुनी चादर पसरून तिच्यावर पाने आणि पकडी मांडलेल्या.

“बघत काय उभी राहिलीस? आलीच आहेस तर हात लाव.”

गाडी होती लांब पल्ल्याची, म्हशीएवढी. आईला मागे बसवून बाबांनी तिच्यावर अख्खं होक्काइदो पालथं घातलं होतं. मिनाएने विसाव्या वर्षी हट्टाने मोठ्या गाडीचा परवाना काढला, पण या सीटवरून तिचे नुसते चवडे जमिनीला लागत. सीट जरा खाली घ्या म्हणून ती मागे लागली, तर बाबा म्हणाले होते, “मी जिवंत असेपर्यंत ही सीट बोटभरही खाली यायची नाही. आधी पाय लांब कर!” आई पोट धरधरून हसली होती.

जुने दातेरी पट्टे निघाले. बाबांनी खुणा जुळवल्या, नवे पट्टे चढवले, ताण बसवला. मग पाना तिच्या हातात दिला. “आता तू फिरव. पूर्ण दोन फेरे.”

“मी?”

“हळू! बर्फ नाही ढकलत आहेस. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. एक दात जरी चुकला, तरी आतल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो, आणि रस्त्यात इंजिन गेलं की गेलं. खूण कुठे आली?”

“बरोबर खुणेवर.”

“लक्षात ठेव.”

“पण बाबा, जुने पट्टे तर चांगले दिसतायत. बदलले कशाला?”

“रबर आहे ते. वरून कळत नाही. आता आठ वर्षं बघायला नको.”

आठ वर्षं! मिनाएचा जीव भांड्यात पडला. तिला मोठ्यांदा रडावंसं वाटलं आणि आपल्याच बावळटपणाचं हसूही आलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने नवऱ्याला फोन लावला. “अरे, ओकुयामा काकू उगाच घाबरवतात. बाबा इंजिनाला आठ वर्षांचे पट्टे घालतायत. जीव द्यायला निघालेला माणूस असले उद्योग करतो का? मी संध्याकाळच्या गाडीने निघते.”

तिने भाताचे गोळे वळले, त्यात खारवलेला रावस भरला. बाबांनी तीन खाल्ले. मुळ्याचं लोणचं मागून घेतलं. “तुझ्या आईपेक्षा मीठ कमी घालतेस,” असंही वर सुनावलं. “पुढच्या हिवाळ्यात बर्फ कशाने काढणार तुम्ही?” तिने विचारलं. “हिवाळा लांब आहे,” ते चहा ओतत म्हणाले.

चार वाजता टॅक्सी दाराशी आली. मिनाए बॅग खांद्याला लावून गॅरेजमध्ये निरोप घ्यायला गेली. गाडी पुन्हा जोडून झाली होती. बाबांनी इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि बंद केलं. इतकं समाधान तिने त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

“जाण्याआधी एकदा बसून बघ,” ते म्हणाले.

“माझे पाय कुठे पुरतात? पाडीन तुमची लाडकी!”

“बस तर. धरलीय मी.”

हत्यारं बाजूला ठेवून त्यांनी चादर ओढली. मिनाए हसत हसत टांग टाकून बसली. बाहेर टॅक्सीने हॉर्न दिला. बाबांनी हळूच हँडल सोडलं आणि दोन पावलं मागे सरकले.

गाडी हलली नाही. मिनाएचं हसू ओठांवरच राहिलं. तिने मान खाली घालून पाहिलं.

तिच्या पायांचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले होते.